प्लाझाच्या दारातून आत जाता येत असे

आज सकाळी आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका सद्गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया या जुन्या हॉटेलातल्या नव्या घरांच्या विक्रीचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिले, "आता आपल्यातल्या कोणीतरी इथे फ्लॅट घ्यायलाच हवा." दुपारपर्यंत त्याखाली अंगठे, टाळ्या आणि "गुंतवणूक म्हणून उत्तम" अशा शेऱ्यांची रांग लागली. मी तिथे काही लिहिले नाही, कारण गणपतीच्या कार्यक्रमाला याच सगळ्यांबरोबर सतरंज्या अंथरायच्या आहेत आणि मला आताच वाद नको आहे. परंतु दिवसभर कामात लक्ष लागले नाही, म्हणून इथे लिहिते आहे. इथे तुम्ही सगळी माझी माणसे आहात, आणि पैसा हे प्रत्येक गोष्टीचे उत्तर नसते हे तुम्हाला मी पटवून द्यायला नको.

त्या व्हिडिओत संगमरवर होता, पोहण्याचा तलाव होता, पियानोचे संगीत होते आणि खिडकीबाहेर संध्याकाळचे मॅनहॅटन होते. त्यात माणूस मात्र एकही नव्हता. १९३१ साली पार्क अव्हेन्यूवर उभ्या राहिलेल्या या इमारतीत चौदाशेच्या आसपास खोल्या होत्या. अमेरिकेचे अध्यक्ष न्यूयॉर्कला आले की इथे उतरत. हर्बर्ट हूवर तर पद सोडल्यावर १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथल्याच मनोऱ्यात राहिले. २०१५ मध्ये आनबांग या चिनी विमा कंपनीने हे हॉटेल १९५ कोटी डॉलरला घेतले, २०१७ मध्ये ते बंद केले, पुढे त्या कंपनीचा प्रमुख फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, चिनी सरकारने कंपनी ताब्यात घेतली, आणि एवढे सगळे रामायण होऊन २०२५ मध्ये जे हॉटेल पुन्हा उघडले त्यात खोल्या उरल्या ३७५. बाकीच्या जागेची जवळजवळ तितकीच घरे झाली, आणि आमच्या गटावर जो व्हिडिओ फिरतो आहे तो त्याच घरांचा आहे.

वॉल्डॉर्फशी माझा तसा काही संबंध नाही. माझा सल जुना आहे आणि तो प्लाझाचा, म्हणजे न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या एका जुन्या हॉटेलचा आहे.

प्लाझा बंद होण्याच्या थोडे आधी, माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि आई आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आले होते. अण्णा सांगली जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, आणि नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो हे सरकारी नोकरदारांच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. (आता हे काम मोबाईलवर होते म्हणतात. तेव्हा आपण जिवंत आहोत हे अधिकाऱ्यासमोर स्वतः उभे राहून सिद्ध करावे लागे.) म्हणून आम्ही तिघे ट्रेनने न्यूयॉर्कला गेलो आणि फिफ्थ अव्हेन्यूजवळच्या चौसष्टाव्या रस्त्यावर आपल्या वाणिज्य दूतावासात रांगेत उभे राहिलो. दाखल्यावर शिक्का बसला, अण्णांनी तो दोनदा वाचून कापडी पिशवीत ठेवला आणि आम्ही बाहेर आलो. सेंट्रल पार्कच्या भिंतीकडेने चालताना वारा असा होता की डोळ्यांतून पाणी येत होते. थोड्या वेळाने अण्णा माझ्याजवळ सरकले आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "इथे कुठे सोय असेल का गं?"

ज्यांच्या घरी मधुमेह असलेला म्हातारा माणूस आहे त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. मॅनहॅटनमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृह शोधणे हे एक व्रतच आहे, आणि दुकानांच्या काचांवर तर "फक्त ग्राहकांसाठी" अशा पाट्या लावलेल्याच असतात. एकोणसाठाव्या रस्त्यापाशी समोर प्लाझा दिसले. मी अमेरिकेत इतकी वर्षे काढूनही कधी आत गेले नव्हते, कारण आपण कोण आत जाणारे, असे मला आतून वाटत असे. अण्णांच्या डोक्यावर माकडटोपी होती, स्वेटरवर माझ्या नवऱ्याचा जुना कोट होता, हातात ती पिशवी होती आणि आईच्या साडीखाली पांढरे बूट होते. दारात लांब कोटातला दरवान उभा होता. मी इंग्रजीत वाक्य जुळवत होते, तोवर त्याने दार उघडून धरले, अण्णांकडे पाहून "गुड आफ्टरनून, सर" म्हटले, आणि मी अर्धा प्रश्न विचारताच कुठल्या बाजूने जायचे ते हाताने दाखवले. त्या माकडटोपीकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

आत हात पुसायला कागदाऐवजी कापडाचे छोटे रुमाल रचून ठेवलेले होते. अण्णांनी एक वापरला, आणि इतका चांगला रुमाल टोपलीत कसा टाकायचा हे न समजून त्याची चौकोनी घडी घातली, ती हातात घेऊन बाहेर आले आणि मला विचारू लागले, "हा कुणाकडे द्यायचा?" तोवर आई लॉबीतल्या खुर्चीत बसली होती. समोर पाम कोर्ट नावाच्या चहाच्या दालनात लोक चहा पीत होते, फुलदाणीत माणसाच्या उंचीची फुले होती, आणि आई म्हणाली, "केवढा दिवाणखाना गं, कुणीही यावं आणि बसावं." आम्ही बराच वेळ बसलो. कोणी काही विचारले नाही, कोणी मेनूकार्ड पुढे केले नाही, आणि निघताना अण्णांनी दरवानाला नमस्कार केला तेव्हा त्याने टोपीला हात लावला.

यात फार मोठे काय आहे, असे गटावरचे गुंतवणूकदार विचारतील. मोठे हे आहे की हॉटेलच्या धंद्याची रीतच अशी असते की दारातून येणारा प्रत्येक माणूस उद्याचा पाहुणा असू शकतो, आणि म्हणून त्याला आत घ्यावे लागते. तो कोण आहे हे आधी विचारता येत नाही. ज्या दिवशी त्याच इमारतीत घरे होतात, त्या दिवशी दारातून येणारा प्रत्येक अनोळखी माणूस संशयित होतो, कारण आता आत कोणाचे तरी घर असते आणि त्या कोणीतरी कोट्यवधी डॉलर याचसाठी मोजलेले असतात की तुम्ही-आम्ही त्याच्या लिफ्टपाशी दिसू नये. दार तेच असते, पितळ तेच असते, फक्त दरवानाला मिळालेली सूचना बदललेली असते.

प्लाझाचे काय झाले ते आता सांगते. हेन्री हार्डनबर्ग या वास्तुविशारदाने बांधलेले हे हॉटेल १ ऑक्टोबर १९०७ ला उघडले. १९६४ मध्ये बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा ते इथे उतरले आणि बाहेर पोरींनी रस्ता अडवला. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी इथेच बसून डॉलरची किंमत खाली आणायचे ठरवले, म्हणून त्या कराराला आजही अर्थशास्त्राच्या पुस्तकांत प्लाझा करार म्हणतात. १९८८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी चाळीस कोटी डॉलरच्या वर पैसे मोजून ते घेतले आणि चारच वर्षांत हॉटेल दिवाळखोरीच्या न्यायालयात गेले. २००४ मध्ये एल-अ‍ॅड नावाच्या कंपनीने ते ६७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतले, आणि तिचा हिशेब सरळ होता. हॉटेलची खोली दर रात्री नव्याने विकावी लागते, तिच्यासाठी चादरी बदलणारी, सामान उचलणारी, फोन घेणारी माणसे लागतात आणि त्या माणसांची संघटना असते. घर मात्र एकदाच विकायचे, चौरस फुटाच्या भावाने, आणि पैसे घेऊन मोकळे व्हायचे.

३० एप्रिल २००५ ला प्लाझा बंद झाले. तिथे नऊशेच्या आसपास माणसे काम करत होती. त्यांच्या संघटनेने रस्त्यावर उतरून ओरड केली म्हणून महापौर ब्लूमबर्ग यांना मध्यस्थी करावी लागली आणि कंपनीला मुळात ठेवायच्या होत्या त्यापेक्षा अधिक हॉटेलखोल्या ठेवणे भाग पडले. पाम कोर्ट, ओक रूम, मोठे नृत्यदालन या आतल्या दालनांना शहराच्या वारसा आयोगाने त्याच वर्षी संरक्षण दिले. ही ओरड झाली नसती तर काय उरले असते, याचा विचारच करवत नाही. २००८ मध्ये हॉटेल उघडले तेव्हा ८०५ खोल्यांपैकी हॉटेलाकडे २८२ राहिल्या होत्या. सेंट्रल पार्ककडे तोंड असलेला बराचसा भाग घरांच्या वाट्याला गेला आणि त्या घरांना वन सेंट्रल पार्क साउथ असा वेगळा पत्ता आणि वेगळे दार मिळाले.

त्या वेगळ्या दारात अण्णा माकडटोपी घालून गेले असते तर त्यांना "सर" म्हटले गेले असते का, हे तुम्हीच ठरवा.

आणि त्या घरांत राहतात कोण? संध्याकाळी पार्कच्या बाजूने त्या इमारतीकडे पाहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. या किमतीची घरे मोठ्या प्रमाणावर कंपन्यांच्या नावावर घेतली जातात, आणि त्या कंपनीमागे माणूस कोण आहे हे दारावरच्या पाटीवरून कधी कळत नाही. हे प्रकरण इतके वाढले की २०१६ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याला आदेश काढावा लागला की मॅनहॅटनमध्ये तीस लाख डॉलरच्या वरचे घर कंपनीच्या नावाने रोखीत घेतले गेले तर खऱ्या मालकाचे नाव कळवले गेले पाहिजे. एका रशियन धनिकाने, जो पूर्वी तिथला उपअर्थमंत्री होता, प्लाझाच्या माथ्यावरचे घर पाच कोटी डॉलरहून अधिक किमतीला ठरवले आणि बांधून झाल्यावर ते पोटमाळ्यासारखे निघाले म्हणून कोर्टात दावा लावला. खिडक्या लहान आहेत, अशी त्याची तक्रार होती. मला हसू आले हे कबूल करते, आणि मग रागही आला, कारण ज्या छपराखाली नऊशे माणसांचा पगार निघत होता तिथे आता खिडकीच्या मापावरून भांडणे चालली होती.

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना माझी बोटे जरा जोरातच चालत आहेत. २०१२ मध्ये प्लाझा हॉटेलचा मोठा हिस्सा ५७ कोटी डॉलरला घेतला तो आपल्या सहारा समूहाने. तेव्हा इथल्या आपल्या लोकांच्या छात्या फुगल्या होत्या, "न्यूयॉर्कचं प्लाझा भारतीयांचं झालं" अशा मेलांवर मेल आल्या होत्या आणि पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना सुमारे तीन कोटी गुंतवणूकदारांचे चोवीस हजार कोटींच्या वर रुपये व्याजासह परत करायला सांगितले. मार्च २०१४ मध्ये सहाराचे प्रमुख सुब्रतो रॉय तिहार तुरुंगात गेले, आणि पैसे उभे करण्यासाठी प्लाझा विकण्याची बोलणी तुरुंगातून चालली. शेवटी २०१८ मध्ये ते कतारच्या सरकारी कंपनीने साठ कोटी डॉलरला घेतले. हे तीन कोटी लोक कोण होते ते तुम्हाला माहीत आहे. आठवड्याला वीस-पन्नास रुपये एजंटाच्या हातात देणारे, पासबुकावर शिक्का बघून समाधान मानणारे, आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले भाजीवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले. त्यांच्यातल्या एकानेही प्लाझाची लॉबी पाहिली नसेल. मग "आपले" झाले म्हणजे नेमके कोणाचे झाले होते? आणि आज पुन्हा तोच सूर लावून "आपल्यातल्या कोणीतरी घ्यायलाच हवा" असे लिहिताना लाज कशी वाटत नाही?

(एवढे लिहून मी उठून चहा करून आले. आता जरा शांत आहे.)

तुमच्यातल्या काहींचे म्हणणे मला ऐकू येतेच आहे, तर तेही लिहून टाकते. हॉटेलचे कर्ज निव्वळ खोल्यांच्या भाड्यावर फिटत नाही हे ट्रम्प यांच्या दिवाळखोरीने दाखवून दिले होते, आणि जुने नळ, जुन्या तारा, गळकी छपरे दुरुस्त करायला घरांच्या विक्रीतूनच पैसा आला, हे खरे आहे. बरे. हेही खरे आहे की ती जुनी दारे सगळ्यांना उघडी नव्हती. प्लाझाच्या ओक रूममध्ये कामाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता, आणि १९६९ च्या फेब्रुवारीत स्त्रीवादी लेखिका बेट्टी फ्रीडन आणि त्यांच्या मैत्रिणी तिथे जाऊन बसल्या तेव्हा वेटरांनी त्यांचे टेबलच उचलून नेले. परंतु ते टेबल परत आणता आले, कारण तो धंदा लोकांवर चालणारा होता आणि लोकांची लाज त्याला बाळगावी लागत होती. काही महिन्यांत तो नियम गेला. एखाद्याच्या खाजगी दिवाणखान्यासमोर तुम्ही कसली निदर्शने करणार?

मुंबईचा दाखला देऊन मला गप्प करू पाहणारेही आहेत. काळा घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल, ज्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमधून आणून जोडला होता आणि जिथे ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दिसली, त्याची आपण काय गत केली ते मी विसरलेले नाही. आत वकिलांची कार्यालये आणि भाडेकरू, बाहेर लोंबणाऱ्या तारा, आणि एके दिवशी कोसळलेला सज्जा. त्यापेक्षा श्रीमंतांनी घेऊन चकचकीत ठेवलेले बरे, असे म्हणणाऱ्याला माझ्याकडे पटकन देण्यासारखे उत्तर नाही. पण मुंबईतच रीगल सिनेमासमोरचे मॅजेस्टिक हॉटेल आठवा. त्याचे आमदार निवास झाले, आणि खाली सहकारी भांडार आले. माझी मावशी तिथून तूरडाळ आणत असे. हॉटेल गेले तरी खालचा मजला लोकांकडेच राहिला, आणि कोणी मावशीला तिथे यायचे कारण विचारले नाही.

मी घरे करूच नका असे म्हणत नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये कायदा करून पाहिला होता की दीडशे किंवा त्याहून जास्त खोल्यांच्या हॉटेलने वीस टक्क्यांहून अधिक जागेची घरे करायची नाहीत, आणि तोही मुदतबंद कायदा होता, मुळात दोन वर्षांचा. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. ज्या दालनांना शहर वारसा म्हणून संरक्षण देते, त्यांच्या भिंती आणि छत जपले जातात, पण तिथे माणसाला फुकट बसता येईल की नाही याबद्दल त्या कागदात अक्षरही नसते. पाम कोर्ट आजही आहे, काचेचे छतसुद्धा परत बसवले आहे, आणि तिथल्या दुपारच्या चहाला माणशी शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात. आईने ज्या खुर्चीत बसून पाय मोकळे केले त्या खुर्चीचे संरक्षण कोणत्या आयोगाने करायचे?

आणि हे अशक्य आहे असे मला सांगू नका. याच शहरात १९६१ पासून नियम आहे की बांधणाऱ्याने जनतेसाठी मोकळी जागा ठेवली तर त्याला जास्त मजले चढवायला मिळतात. अशा शेकडो जागा आज न्यूयॉर्कमध्ये आहेत आणि तिथे कोणालाही बसता येते. त्यातलीच एक फिफ्थ अव्हेन्यूवर छप्पन्नाव्या रस्त्यापाशी, ट्रम्प टॉवरच्या तळमजल्यावर आहे. वीस मजले जास्त चढवता यावेत म्हणून तिथे जनतेसाठी जागा आणि स्वच्छतागृह ठेवण्याचे वचन द्यावे लागले, आणि मालक पुढे देशाचा अध्यक्ष झाला तरी ते वचन सुटलेले नाही. ज्या शहराला एवढे करून घेता येते, त्याला प्लाझाच्या मालकाकडून लॉबीतल्या चार खुर्च्या आणि एक स्वच्छतागृह लिहून घेता आले नसते असे मी मानणार नाही. मागितलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

या नोव्हेंबरात कोणी आईवडिलांना घेऊन दूतावासात जाणार असाल तर लक्षात ठेवा: चौसष्टाव्या रस्त्यावरून सरळ खाली छप्पन्नपर्यंत चालायचे, ट्रम्प टॉवरमध्ये शिरायचे, आणि सुरक्षारक्षकांनी पिशवी तपासली की सरकत्या जिन्याने खालच्या मजल्यावर जायचे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते अंतर जास्त पडते, म्हणून दूतावासातून निघण्यापूर्वीच एकदा विचारून घ्या.